सेल्फ मारायची घाई नको: खळ्यात उभी राहिलेली जुनी गाडी रस्त्यावर आणण्याचा क्रम

आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की आपल्या खानदेशात खळ्यातल्या, गोठ्याशेजारच्या शेडमधल्या जुन्या पद्मिनी-ॲम्बेसिडरवरची ताडपत्री निघते. लेकी माहेरी येणार असतात, लग्नं असतात, आणि कुणाच्या तरी मनात येतं की आजोबांची गाडी चालू करू या. नवी बॅटरी येते. बाटलीतलं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये ओतलं जातं. सेल्फ मारतात, दोन-चार आचके खाऊन इंजिन धडधडतं आणि सगळं घर गोळा होतं.

पारोळ्याजवळच्या शेतावर मीही हेच केलं होतं. काकांची पद्मिनी सात वर्षं उभी होती. इंजिन अर्ध्या दिवसात चालू झालं आणि मी लगेच गाडी बाहेर काढली. गावाबाहेरच्या तिसऱ्या वळणावर समोर बैलगाडी आली, आणि ब्रेकचं पेडल तळाला जाऊन टेकलं. बाजूचं शेत नुकतंच नांगरलेलं होतं म्हणून गाडी त्यात घालता आली. नंतर अमळनेरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी चारही ड्रम उघडून माझ्यासमोर ठेवले आणि एवढंच म्हणाले, “भाऊ, पहिले थांबानं देख, मंग पयानं.” म्हणजे आधी थांबायचं बघ, मग पळायचं.

हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. आधी ब्रेक, मग टायर, पाणी, पेट्रोल, वायरिंग, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. उदाहरणं पद्मिनी आणि ॲम्बेसिडरची आहेत, पण कार्बोरेटरच्या बाकी जुन्या गाड्यांनाही हाच क्रम लागू पडतो. तीन-चार रविवार हातात ठेवा. आखाजीला गाडी हवी असेल तर काम होळीच्या आधी सुरू करा.

१. हात लावण्याआधी

बॅटरी जोडू नका आणि चावीही लावू नका. आधी टॉर्च आणि एक लांब काठी घ्या. वर्षानुवर्षं उभ्या गाडीखाली, सीटखाली, डिकीत उंदीर असतात, आणि उंदीर असले की त्यांच्या मागावर साप येतो. जिथे हात घालायचा तिथे आधी काठी फिरवा.

एअर क्लीनरचं झाकण काढून आत पाहा. आपल्या भागात घरात कापूस असतोच, आणि उंदीर तोच नेऊन तिथे घर करतात. तो कापूस इंजिनात ओढला गेला तर सगळीच मेहनत वाया. सायलेन्सरच्या नळीत कुंभारमाशीचं मातीचं घर आहे का तेही बघा. प्रत्येक भाग खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

मग गाडीचा तळ तपासा. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे दारांखालची पट्टी आणि जॅक लावायची जागा गंजली असेल तर जॅक पत्रा फाडून वर येतो. पेचकसाची मूठ ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक, दबका आला तर आधी पत्र्याचं काम.

*सावधान:* नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. विटांवरही गाडी उभी करू नका, वीट अचानक फुटते. लोखंडी स्टँड वापरा किंवा जाड लाकडी ठोकळे आडवे-उभे रचा.

२. ब्रेक

सर्वात जास्त वेळ इथे जाणार आहे, आणि तो द्यायलाच हवा. यांतल्या बहुतेक गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. बहुतेकांत पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्या चाकांना एकच सर्किट जातं. एका जागी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो.

*ड्रम उघडणं.* हँडब्रेक सोडा आणि ॲडजस्टर ढिले करा. ड्रम निघत नसेल तर ड्रमला आतून घासणारा लायनर गंजून चिकटलेला असतो. लाकडी हातोडीने कडेकडेने, गोल फिरत ठोका. लोखंडी हातोडीने एकाच जागी मारलं तर बिडाचा ड्रम तडकतो. आतली काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. नाकाला मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या.

*व्हील सिलिंडर.* ड्रमच्या आत ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर असतो, त्याच्या टोकाची रबरी टोपी नखाने मागे सारा. आत कोरडं असायला हवं. माझ्या गाडीत तिथे पातळ काकवीसारखा तपकिरी चिकटा होता आणि पिस्टनचं रबर फुगून कडेने फाटलेलं होतं. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं. ते पाणी तळाशी बसून सिलिंडरला आतून खड्डे पाडतं. बोट फिरवून पाहा. नखाला खड्डा लागला तर सिलिंडरच बदला. खड्डे असलेल्या सिलिंडरमध्ये नवं रबरांचं किट टाकणं ही मी पाहिलेली सर्वात नेहमीची चूक आहे. दोन महिने चालतं, मग पुन्हा गळतं, आणि माणसाला वाटतं की किटच वाईट होतं.

*रबरी होज.* पुढे दोन, मागे एक. बाहेरून चकचकीत दिसतात, पण आतून फुगून बंद होतात. मग दाबलेला ब्रेक सुटत नाही आणि ड्रम तापत राहतो. उभ्या राहिलेल्या गाडीचे तिन्ही होज न बघता बदला.

*सावधान:* ब्रेकची रबरं पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलमध्ये धुऊ देऊ नका. बऱ्याच गॅरेजमध्ये सवयीने सगळं एकाच डब्यात धुतलं जातं. पेट्रोलियमने हे रबर फुगतं आणि पेडल अडकतं. ताज्या ब्रेक ऑइलनेच पुसा.

*ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं.* गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल सीलबंद बाटलीतून घ्या. गॅरेजच्या फळीवरची अर्धी बाटली नको. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून करा. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत साधारणपणे क्रम असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचं निपल (हवा सोडायची बारीक तोटी) उघडून बंद करायचं, आणि बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा, म्हणजे बुडबुडे दिसतात. मास्टर सिलिंडरवरची ऑइलची डबी मधेच रिकामी झाली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

*तपासणी:* पेडल जोराने दाबून एक मिनिट धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेलाय. घट्ट राहिलं तर चारही चाकांखाली वर्तमानपत्र पसरा आणि रात्र जाऊ द्या. सकाळी कागदावर डाग नसेल तरच पुढच्या कामाला लागा.

३. टायर

नक्षी पाहून टायर ठरवू नका, वय पाहा. कडेला चार आकडे कोरलेले असतात. ३४१५ म्हणजे २०१५ सालचा ३४ वा आठवडा. आठ-दहा वर्षांच्या पुढचा टायर नक्षी कोरी असली तरी काढून टाका. आपल्या उन्हात रबर आतून सुकतं आणि वेगात गाडी असताना त्याची साल निघते. स्टेपनीही यात आली.

पद्मिनीला १४ इंची रिम आणि ॲम्बेसिडरला १५ इंची. रुंद टायरने गाडी भारदस्त दिसते म्हणून अनेकजण तसे चढवतात. या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नाही. स्टिअरिंग जड होतं आणि वळणावर टायर पत्र्याला घासतो.

हवा सकाळी, टायर गार असताना मोजा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये हवा जास्त दिसते म्हणून कुणी काढू लागला तर थांबवा. गार झाल्यावर ती कमी पडते, आणि कमी हवेचा टायरच जास्त तापतो.

चाकं उतरलेली आहेत तोवर पुढच्या सस्पेन्शनच्या सगळ्या ग्रीस-निपलना ग्रीस मारून घ्या. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन चालवायची.

४. पाणी आणि रेडिएटर

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. खानदेशात जुनी गाडी रस्त्यात थांबते ती बहुतेक वेळा रेडिएटरमुळे, आणि रेडिएटर खराब होतो बोअरच्या पाण्यामुळे. घरच्या बंबात जसा पांढरा थर धरतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या पोटात धरतो. वर्षानुवर्षं ‘पाणीच तर टाकायचंय’ म्हणून बोअरचं पाणी ओतलेली गाडी नुसतं पाणी बदलून गार राहत नाही.

रेडिएटरखालचा नळ उघडा, आणि इंजिन ब्लॉकच्या बाजूचाही उघडा. हा दुसरा नळ बहुतेक लोक विसरतात आणि अर्धं गढूळ पाणी आतच राहतं. नळ उघडूनही पाणी आलं नाही तर गाळाने भोक बुजलंय, तारेने मोकळं करा. मग खालच्या होजच्या बाजूने पाणी सोडून उलटं धुवा. तरीही लालसर पपड्या येत राहिल्या तर रेडिएटर काढून, टाक्या उघडून, नळ्या साफ करणाऱ्या कारागिराकडे द्या.

बाहेरच्या जाळीत कापसाचे तंतू, किडे, धूळ यांचा नमदा बसलेला असतो. इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी मारा. पुढून मारलं तर कचरा आणखी आत जातो.

होज दाबून पाहा. दाबल्यावर करकरला किंवा पिठासारखा मऊ लागला तर बदला. फॅन बेल्ट दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १२ ते १५ मिलिमीटर आत जावा. एक जादा बेल्ट डिकीत ठेवा. रेडिएटरच्या झाकणाचं रबर आणि स्प्रिंग तपासा. हे झाकण पाण्यावर दाब धरून ठेवतं आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळतं. कुणाचं तरी जुनं झाकण बसवून चालत नाही, दाबाचा आकडा गाडीचाच हवा.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. तिच्याबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. गाडी गरम झाली की मिस्त्री पहिल्यांदा थर्मोस्टॅट काढून फेकतो. काही इंजिनांत त्यामुळे पाणी रेडिएटरकडे जायच्याऐवजी बायपासनेच फिरत राहतं. हिवाळ्यात इंजिन तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं आणि झिजतं. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या पातेल्यात दोरीने लटकवा. पाणी उकळीला येण्याआधी, ८० अंशांच्या पुढे, तो उघडायला लागला पाहिजे. उघडला नाही तर नवा टाका.

शेवटी कुलंट भरा. तयार मिश्रण घ्या, किंवा कुलंटमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर मिसळा. बोअरचं नको.

५. पेट्रोल

टाकीचं झाकण उघडून वास घ्या. वॉर्निशसारखा उग्र वास आला तर ते पेट्रोल इंजिनाला द्यायचं नाही. त्यात नवं ओतून ‘पातळ’ करायचंही नाही. उघड्यावर, बिडी-काडीपासून लांब, लोखंडी डब्यात सगळं काढून घ्या. टाकी उतरवून आत टॉर्च टाका. गंज दिसला तर आधी टाकी साफ करून घ्या.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. या गाड्या बनल्या तेव्हा ते नव्हतं. इथेनॉल जुनं रबर मऊ करतं, पाणी शोषतं आणि टाकीत बसलेली जुनी घाण सोडवून पुढे ढकलतं. म्हणून तीन गोष्टी करा. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे इथेनॉल चालणाऱ्या पाइपने बदला. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा (टाकीतलं पेट्रोल ओढणारा भाग) पडदाही नवा टाका. टाकी आणि हा पंप यांच्या मधे पारदर्शक फिल्टर बसवा, पण सायलेन्सरच्या नळीपासून लांब. पहिल्या १०० किलोमीटरनंतर तो फिल्टर फेकून दुसरा लावा.

कार्बोरेटरची जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) तारेने टोचू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, मग गाडी काळा धूर सोडते आणि कुणाला कारण सापडत नाही. स्प्रे आणि हवा एवढंच वापरा.

*सावधान:* इथून पुढे गाडीत अग्निशामक सिलिंडर हवा, तोही डिकीत नाही तर ड्रायव्हरच्या हाताशी.

६. वायरिंग

उंदरांनी कुरतडलेली वायर टेप गुंडाळून झाकू नका, तेवढा तुकडाच बदला. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी घासून चकचकीत करा. ‘सेल्फ गेला’ ही अर्धी निदानं त्या पट्टीपाशी संपतात. काही फार जुन्या गाड्यांत प्लस अर्थ असते. बॅटरी जोडण्याआधी बॉडीला जाणारी केबल कुठल्या टोकाची आहे ते पाहा.

प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून गॅप लावा. अचूक आकडा पुस्तकातला घ्या. साधारण ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो, प्लगचा ०.६ ते ०.७. कंडेन्सर नवा टाका आणि एक जादाही ठेवा.

७. इंजिन

चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडलने इंजिन हाताने फिरवा. दोन पूर्ण फेरे मोकळे झाले पाहिजेत.

फिरत नसेल तर पुन्हा ऑइल सोडा, दोन-तीन दिवस थांबा. ट्रॅक्टर लावून गिअरमध्ये ओढू नका. रिंगा गंजून चिकटलेल्या असतात, त्या जोरात तुटतात किंवा रॉड वाकतो, आणि जे काम चार दिवसांत सुटलं असतं ते इंजिन उतरवण्यावर जातं.

जुनं ऑइल काढून फिल्टर बदला. आपल्या हवेत या इंजिनांना २०डब्ल्यू-५० ऑइल ठीक बसतं. प्लग बाहेरच ठेवून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मधे विश्रांती द्या. ऑइलचा दिवा विझला किंवा काटा हलला की ऑइल वरपर्यंत पोचलं. मगच प्लग लावा आणि चालू करा.

गाडी शेडच्या बाहेर, उघड्यावर चालू करा. बंद जागेत धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, आणि त्याला वास नसतो. चालू झाल्याबरोबर रेस देऊ नका. पंधरा-वीस मिनिटं सावकाश चालू द्या, बोनेट उघडं ठेवून होज आणि पेट्रोलच्या सांध्यांवर नजर ठेवा. हे पहिलं ऑइल ५०० किलोमीटरच्या आत पुन्हा बदला.

८. पहिल्या तीन फेऱ्या

रस्त्यावर येण्याआधी आरसी, विमा, पीयूसी आणि नव्या पद्धतीची नंबर प्लेट पाहा. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. उभ्या गाडीची आरसी बहुधा संपलेली असते.

पहिली फेरी खळ्यातल्या खळ्यात: पुढे, मागे, ब्रेक. दुसरी दोन किलोमीटर, तिसरी वीस. प्रत्येक फेरीनंतर चारही चाकांच्या मधोमध हात आधी जवळ नेऊन मग लावून पाहा. तीन कोमट आणि एक चटका देणारं असेल तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीये. पुन्हा टप्पा २.

बहुतेक जुन्या पद्मिनी आणि ॲम्बेसिडरमध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअरचे दाते जुळवणारा भाग) नसतो. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नका. कर्कश आवाज आला की समजा, दाते झिजले.

९. उन्हाळ्यातला प्रवास

एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला निघा आणि साडेदहा-अकराच्या आत सावलीला लागा. धुळे-जळगावचा रस्ता आता मोठा झालाय आणि ट्रक भरधाव जातात. तुमची गाडी ६० ते ७० च्या वेगाची आहे. डावी लेन धरा आणि पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा, कारण पुढच्याला डिस्क ब्रेक आहेत.

चालती गाडी आचके देऊन बंद पडली, किंवा चहाला थांबल्यावर पुन्हा चालू होईना, तर बहुधा पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ झालेली असते. सेल्फ मारून बॅटरी उतरवू नका. निंबाखाली उभी करा, बोनेट उघडा आणि पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा. तापलेल्या सायलेन्सरवर किंवा ब्लॉकवर पाणी पडू देऊ नका. पंधरा-वीस मिनिटांत ती चालू होते.

तापमानाचा काटा लालकडे गेला तर आधी पाहा, बेल्ट तुटलाय का, वाफ येतेय का. तसं असेल तर लगेच बंद करा. नसेल तर उभी करून थोड्या रेसवर चालू ठेवा, पंखा आणि पाणी फिरत राहिलं की काटा उतरतो. रेडिएटरचं झाकण पाऊण तास तरी उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडून भाजलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. गार पाणी घाईने तापल्या इंजिनात ओतलं तर हेड तडकू शकतं.

१०. घाट

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना ट्रकच्या मागे चिकटून राहू नका. त्याची गरम हवा तुमच्या रेडिएटरला लागते आणि तुम्हाला वेगही धरता येत नाही. अंतर पडू द्या, दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखी चढवा.

परतीचा उतार खरा कस पाहतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रल करणं, किंवा चावी बंद करणं, हे ड्रम ब्रेकच्या गाडीत जिवावरचं आहे. सगळा भार लायनरवर येतो, ड्रम तापून फुगतो आणि पेडल दाबूनही पकड येत नाही. पाय सतत ठेवू नका, दाबा आणि सोडा. जळका वास आला की पुढच्या मोकळ्या जागी थांबा. ड्रम तापलेले असताना हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा, आणि निघताना तो दगड रस्त्यावरून उचलून कडेला टाका. लळिंगचा घाट लहान आहे. तोरणमाळचा मात्र लांब आणि वळणांचा, तिथे पहिल्याच वर्षी ही गाडी नेऊ नका.

पावसाळ्यात मोरीवरच्या पाण्यातून गेलात तर ड्रम ओले होतात आणि पहिला ब्रेक लागतच नाही. पलीकडे गेल्यावर मागे कुणी नाही पाहून शंभरेक मीटर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवा, ड्रम सुकतात.

११. पुन्हा उभी करताना

दर रविवारी पाच मिनिटं जागेवर चालू करून बंद करणं हा गाडीवर उपकार नाही. इंजिन पूर्ण तापत नाही, आत धरलेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये राहतं. पंधरवड्याने का होईना, वीस किलोमीटर फिरवून आणा.

दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर बॅटरीची एक केबल काढा, टाकीतलं पेट्रोल शक्य तितकं उतरवा आणि प्लास्टिकच्या ताडपत्रीऐवजी सुती कापड घाला. प्लास्टिकखाली दव धरतं. एअर क्लीनरच्या आणि सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा, आणि फडकं कोंबलंय ही चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा. हँडब्रेक सोडून पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. घरात कापूस यायच्या आधी एकदा वाकून सीटखाली पाहून घ्या.